सातव्या घोड्याच्या तीन शेपट्या

आत्याच्या कारखान्यातल्या सातव्या घोड्याला तीन शेपट्या होत्या आणि त्यात कोणाचीही चूक नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर ज्यानं त्यानं एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि हातात रंगाचा ब्रश असताना बोट दाखवलं की समोरच्याचा शर्ट जातो.

घोडे लाकडी होते. बागेत पूर्वी घोड्यांचं एक गोल चक्र होतं. मुलं बसायची, घंटा वाजायची, चक्र फिरायचं. मग ते कधीतरी बंद पडलं आणि त्यावर पालापाचोळा, मांजरं आणि लोकांचे अर्ज साठत गेले. शेवटी बागेच्या मॅडमनी, म्हणजे बागेचा कारभार बघणाऱ्या अधिकारी बाईंनी, ते दुरुस्त करायचं काम माझ्या आत्याला दिलं. अट एकच. रविवारी सकाळी चक्र लोकांसमोर फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर घोडे भंगारात आणि जागा गाड्या लावायला. पांढरे पट्टे मारणारा माणूस येऊन जागा मोजूनसुद्धा गेला होता. दवाखान्यात खोली रिकामी व्हायची वाट बघणारा माणूस आतल्या पेशंटकडे बघतो, तसा तो जाताना आत्याकडे बघून गेला.

पण आत्याची खरी लढाई पार्किंगशी नव्हती. माझ्या बाबांशी होती.

आत्या आरंभशूर, असं बाबांचं मत. ते तिचे थोरले भाऊ, त्यामुळे त्यांचं मत हे घरात हवामानासारखं असतं; पटो न पटो, छत्री घेऊनच बाहेर पडावं लागतं. ते तिला पाऊणबाई म्हणतात, कारण ती कुठलीही गोष्ट पाऊण करते आणि सोडते. तिनं बाबांसाठी विणलेल्या स्वेटरला पुढचा भाग आहे, मागचा भाग आहे आणि एक बाही आहे. तिला गाडी चालवता येते, पण मागे घेता येत नाही, म्हणून कारखान्यातून निघाल्यावर ती बाजाराला अख्खा वळसा घालून घरी येते.

"माझ्या बहिणीनं पूर्ण केलेली एकच गोष्ट म्हणजे पन्नाशी," बाबा पाहुण्यांना सांगायचे. "आणि तीही आपोआप झाली."

चक्राचं काम मिळाल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा बाबांनी कपाट उघडलं आणि एका बाहीचा स्वेटर बाहेर काढला.

"तुझं चक्र रविवारी फिरलं ना पाऊणबाई, तर मी हा घालून तुझ्या घोड्यावर बसेन. भर बागेत."

"कुठल्या घोड्यावर?" आत्यानं विचारलं.

"तू म्हणशील त्या. घोडामैदान जवळच आहे."

 आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या घराण्यात युद्ध असंच जाहीर होतं.

आता माझा यात संबंध काय, तर बोर्ड. मी ज्या ऑफिसात आहे तिथे काम कमी आणि कामाची कार्डं जास्त. ती कार्डं इकडून तिकडे सरकवण्याचा मला पगार मिळतो आणि त्यात मी पारंगत आहे. तेच सॉफ्टवेअर मी आत्याला बसवून दिलं. कारखान्याच्या भिंतीवर मोठा टीव्ही, टीव्हीवर बोर्ड. प्रत्येक घोड्याचा एक सेक्शन, सेक्शनमध्ये कामांची कार्डं: खरवडणे, भोकं बुजवणे, रंग, डोळे, शेपूट. काम झालं की कार्डावर हिरवी टिक. शेंबड्या पोरालाही कळेल, असं म्हणून मी निघून गेलो होतो.

गुरुवारी मी सुट्टी काढून मदतीला गेलो, तर दारातच पहिला घोडा दिसला. तो शिंगरू झाला होता. खरोखरच. बाकीच्यांच्या गुडघ्याएवढा. शेजारचा दुसरा घोडा इतका जाडजूड होता की त्याचे पाय पोटात गेल्यासारखे वाटत होते. आणि त्या दुसऱ्याला रंगारीमामा रंग देत होते.

"मामा, याला परत रंग? हा वाळला नव्हता का?"

"वाळला होता की," मामा म्हणाले. "परवाही वाळला होता. गुणी घोडा आहे, चांगला वाळतो."

"मग परत कशाला?"

त्यांनी ब्रशनं टीव्हीकडे दाखवलं. (माझा शर्ट इथेच गेला.) "कार्ड आहे."

"पण कार्डावर टिक आहे. टिक म्हणजे काम झालं."

"टिक म्हणजे बाईंना आवडलं," मामा म्हणाले. बाई म्हणजे आत्या. "म्हणून तर परत करतोय."

मी सातव्या घोड्याकडे वळलो. शेपूटवाली, म्हणजे शेपट्या आणि खोगिरं शिवणारी बाई, त्याला तिसरी शेपूट टाचत होती. तिसरीला जागा उरली नव्हती, म्हणून तिनं ती किंचित वर, पाठीच्या बाजूला घेतली होती.

"ताई, एका घोड्याला किती शेपट्या असतात?"

"घोड्याला एक," ती सुई दातात धरून म्हणाली. "कार्डाला रोज एक."

मग मला नियम कळला. आधी हे लोक प्रत्येक गोष्ट आत्याला विचारायचे. चहा पिऊ का, ब्रश धुऊ का, शिंकू का. कंटाळून तिनं फर्मान काढलं होतं: बोर्डावर दिसलं की करायचं, वरून खाली करायचं, विचारायचं नाही. तेव्हापासून ही मंडळी रोज सकाळी सगळ्यांत वरच्या कार्डापासून सुरुवात करायची. सुतारकाका पहिला घोडा रोज खरवडायचे, कारण सकाळी माणसात उत्साह असतो. संध्याकाळपर्यंत फौज जेमतेम सातव्या घोड्यापर्यंत पोचायची. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. घोडे बारा होते. सातव्याच्या पुढे कोणी हातही लावला नव्हता, आणि बाराव्याच्या खाली, टीव्हीच्या तळाशी, जमिनीच्याही खाली कुठेतरी आणखी काय आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मी आत्याला बाजूला घेतलं.

"आत्या, झालेलं काम आर्काइव्ह कर."

"म्हणजे?"

"समोरून काढून ठेवायचं. पुसलं जात नाही. माळ्यावर ठेवल्यासारखं. हवं तेव्हा खाली काढता येतं."

"आपल्या घरात माळ्यावर ठेवलेलं कधी कोणी खाली काढलंय?" आत्या म्हणाली. "तुझा पाळणा अजून वर आहे."

"अगं पण हे बघ, कार्ड दिसतंय म्हणून ते लोक परत करतायत."

"करू देत. पण ते दिसलं पाहिजे." तिनं टीव्हीकडे बघितलं. हिरव्या टिकांची रांग वरून खाली उतरत होती. "रविवारी दादा येणार. आल्या आल्या म्हणणार, दाखव. त्याचा तो एकच शब्द आहे, दाखव. लहानपणापासून. मी चित्र काढलं, दाखव. मी पास झाले, दाखव. आणि मी दाखवायला गेले की काहीतरी राहिलेलं असतंच. या वेळी एवढ्या टिका आहेत माझ्याकडे. त्या मी माळ्यावर टाकू? मग दाखवू काय, माळा?"

 मी फोनवरून टीव्हीवरचा बोर्ड खाली सरकवत नेला. घोडा आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आणि त्याखाली एक सेक्शन, ज्यावर एकही टिक नव्हती: "चक्र फिरवणे". त्यात चार कार्डं. मोटार जोडणे. पट्टा चढवणे. फळ्या ठोकणे. थांबवायचा दांडा बसवणे.



"हे मीच लिहिलं होतं," आत्या हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

रविवारी बागेत तीन शेपट्यांचा घोडा असणार होता, जाड घोडा असणार होता, शिंगरू असणार होतं. फक्त त्यांपैकी कोणी जागचं हलणार नव्हतं.

"एकच घोडा," मी म्हटलं. "बघ तर खरं." आणि मी पहिल्या घोड्याचा सेक्शन आर्काइव्ह केला.

तो टीव्हीवरून गेला. आत्या किंचाळली आणि टीव्हीकडे न जाता दाराकडे पळाली, खऱ्या घोड्याला बघायला. शिंगरू होतं तिथेच होतं. तिनं त्याला दोन्ही हातांनी चाचपलं.

"परत आण," ती म्हणाली. मी आणला. "घालव." घालवला. "आण." आणला. "आता मला दे." तिनं फोन घेतला आणि तो घोडा इतक्या वेळा घालवला नि आणला की सुतारकाकांनी गोंधळून खरवडणी हातात घेतली, ठेवली, घेतली, ठेवली.

"असतो की," आत्या शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं. "दिसत नाही, तरी असतो."

"असतो."

"ठीक आहे. पण असं चोरासारखं नाही जाणार माझं काम. मानानं जाईल."

चक्राची जुनी पितळी घंटा घासायला कारखान्यातच आणलेली होती. आत्यानं ती खुंटीला टांगली. सगळ्यांना उभं केलं. "घोडा एक, झाला!" असं ओरडली, घंटा वाजवली आणि सेक्शन आर्काइव्ह केला. घंटेचा नाद विरेपर्यंत कोणी हललं नाही. रंगारीमामांनी टोपी काढली होती. मग घोडा दोन. मग तीन. सातव्याच्या वेळी शेपूटवालीचे डोळे भरून आले. तीन शेपट्यांचा जिव्हाळा होता तिचा.

आणि टीव्हीवर सगळ्यांत वर आला घोडा आठ. कोरा.

"अरे, हा कुठे होता?" सुतारकाका म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

त्यानंतर जे काम झालं ते मी माझ्या ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर मला जास्त काम देतील. घंटेची चटक वाईट असते. दर थोड्या वेळानं कोणीतरी ओरडायचं, "अकरावा, डोळे, झाले!" ठण्ण. बोर्ड मेणबत्तीसारखा आखूड होत होता. शुक्रवारी मात्र दुपार उलटून गेली तरी कोणी डबा उघडेना. शेपूटवालीला भोवळ यायला लागली.

"जेवला का नाहीत?" आत्यानं विचारलं.

"कार्ड नाही, बाई," मामा क्षीण आवाजात म्हणाले.

चौकशीअंती कळलं, की "दुपारची सुट्टी" हे कार्ड त्यांनी स्वतःच काल जेवून झाल्यावर मोठ्या अभिमानानं आर्काइव्ह केलं होतं. ठण्ण करून. आत्यानं ते माळ्यावरून खाली काढलं आणि सगळे जेवायला पळाले. "बघ," ती मला म्हणाली, "काढतात कधीकधी खाली."

शनिवारी संध्याकाळी घोडे बागेत गेले. कारखान्याच्या मागचं दार बागेतच उघडतं, त्यामुळे आम्ही एकेकाला उचलून नेलं. जाड घोड्याला चौघं लागले. मोटार जोडून झाली, पट्टा चढला, फळ्या ठोकल्या. आत्यानं बटण दाबलं. चक्र कुरकुरलं, कण्हलं आणि फिरलं.

फिरलं! आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मामांनी आणखी एकाचा शर्ट घालवला. आत्यानं घंटा वाजवली, "चक्र, झालं!" अशी आरोळी ठोकली आणि अख्खा सेक्शन आर्काइव्ह करून टाकला. मोटार बंद केल्यावर चक्र कुईकुई करत आपोआप थांबलं. ती कुईकुई जावी म्हणून तिनं शेवटचं एक कार्ड लिहिलं, "तेल घालणे", आणि घंटा बागेतल्या खांबावर, तिच्या जागी, बसवून टाकली.

इथे घात झाला. घंटा बागेत, टीव्ही कारखान्यात. रविवारी सकाळी सुतारकाकांनी येऊन तेल घातलं, टिक केली, पण घंटा जवळ नसल्यामुळे कार्ड तिथेच राहिलं. मग मामा आले, त्यांना कार्ड दिसलं, त्यांनी तेल घातलं. शेपूटवालीनं घातलं. नियम समजावून सांगणाऱ्या मीसुद्धा घातलं. कुईकुई गेली. घर्षणही गेलं.

बागेत गर्दी लोटली होती. मॅडम फाईल घेऊन आल्या होत्या, पट्टे मारणारा माणूस रंगाची बादली घेऊन आला होता, आणि बाबा स्वेटर पिशवीत घेऊन आले होते.

"काय पाऊणबाई?" बाबा म्हणाले. "फिरणार का?"

"बस ना दादा. सातव्यावर."

बाबांनी सातवा घोडा मागून बघितला. पुढून बघितला. "याला..."

"हो. बस."

शब्द म्हणजे शब्द. बाबांनी भर बागेत एका बाहीचा स्वेटर चढवला आणि शेपट्या आवरून धरत ते घोड्यावर बसले. मॅडम जाड घोड्यावर, तो ऐसपैस होता म्हणून. बाकी घोड्यांवर मुलं चढली. शिंगरासाठी तर भांडणं झाली. घंटा वाजली. आत्यानं बटण दाबलं.

चक्र कुरकुर न करता फिरू लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं ओरडली, मॅडम जाड घोड्यावर लहान होऊन हसल्या आणि बाबा एक उघडा हात हलवत समोरून गेले. पट्टेवाल्यानं बादलीवर झाकण ठेवलं. आत्याच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या, पण या वेळी युद्धाच्या नव्हत्या.

मग तिनं मोटार बंद केली, आणि चक्र फिरतच राहिलं.

जोरात नाही. जेवणानंतर शतपावली करणाऱ्या माणसाच्या चालीनं. पण थांबायचं नाव नाही.

"छान झालं हं," बाबा समोरून जाताना म्हणाले. मग पलीकडून वळसा घालून आले. "आता थांबव." पुन्हा गेले. पुन्हा आले. "अगं पाऊणबाई, थांबव..." गेले. आले. "...ते थांबवायचं राहिलंय का काय?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिनं फोन काढला. बोर्डावर एकच कार्ड होतं, तेलाचं. तिनं माळा उघडला. "चक्र फिरवणे". मोटार, टिक. पट्टा, टिक. फळ्या, टिक. थांबवायचा दांडा, कोरा.

चारातले तीन. पाऊण.

 मला माहीत होतं आता काय होतं ते. आता ती म्हणणार, जाऊ दे, थांबेल आपोआप, आणि घरी जाऊन काहीतरी नवीन सुरू करणार. पट्टेवाल्यानं बादलीचं झाकण पुन्हा काढलं.

"दांडा बसवूया ना, बाई?" मी म्हटलं. घाईत मीही तिला बाई म्हणालो.

"कार्ड नाही," मामा म्हणाले.

आत्यानं अंगठा दाबला. ते कार्ड माळ्यावरून खाली आलं.

"आता आहे!" ती गरजली. "दांडा कुठाय?"

दांडा टीव्हीखाली होता. टेकू म्हणून. आम्ही मागच्या दारातून आत धावलो, शेपूटवालीनं टीव्ही दोन्ही हातांत पेलला, मी दांडा ओढून काढला आणि परत पळालो. आत्यानं पाना दातात धरला, दांडा खांद्यावर घेतला आणि चालत्या चक्रावर पाय ठेवला. घोड्यांमधून वाट काढत ती मधल्या खांबाशी पोचली, दांडा खोबणीत बसवला आणि पहिला बोल्ट आवळला. दुसरा आवळला. तिसरा आवळला. तिसऱ्यानंतर तिनं घाम पुसायला हात थांबवला.

"चौथा!" सातव्या घोड्यावरून बाबा ओरडले. ते घोड्याच्या मानेवर ओणवे झाले होते. "थांबू नकोस गं! चौथा आवळ! आवळ!"

"चौथा! चौथा!" मुलं ओरडू लागली. मॅडमसुद्धा.

आत्यानं चौथा आवळला. वर अर्धा फेरा जास्तच आवळला. मग दोन्ही हातांनी दांडा ओढला.

चक्र थांबलं. इतकं अलगद, की जाड घोड्यावर झोपलेलं मांजर जागंही झालं नाही. ते तिथे कधी आलं होतं, कोणालाच माहीत नाही. बाबा बरोबर आत्यासमोर येऊन थांबले.

"दाखव," बाबा म्हणाले. सवयच ती.

आत्यानं दांड्याच्या कार्डावर टिक केली, तेलाचं कार्ड गोळा केलं, दोन्ही आर्काइव्ह केली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"इथे तर काहीच नाही."

"हो, दादा," आत्या म्हणाली. "काहीच नाही राहिलं."

 बाबा घोड्यावरून उतरले, तिसऱ्या शेपटीत थोडे अडकले, सुटले आणि सरळ खांबाकडे गेले. बाही असलेल्या हातानं त्यांनी दोरी धरली आणि अशी घंटा हाणली की झाडांवरचे पक्षी उडाले.

"झालं!" बाबा गर्दीला म्हणाले. "पूर्ण झालं! माझी बहीण आहे ती!"

मॅडमनी जाड घोड्यावर बसूनच सही केली. पट्टेवाला बादली घेऊन सातव्या घोड्याच्या रांगेत उभा राहिला. ती रांग फाटकाबाहेर गेली होती. त्या दिवसापासून बाबांनी पाऊणबाई हा शब्द उच्चारलेला नाही.

संध्याकाळी आम्ही कारखान्यात परतलो, तर शेपूटवाली टीव्ही धरून उभीच होती. खाली ठेवायचं कार्ड नव्हतं. आणि टीव्हीवर रिकाम्या बोर्डाच्या मधोमध एक नवीन कार्ड होतं. बाबांनी आत्याच्या फोनवर एका बोटानं टाईप केलेलं: "दुसरी बाही. सावकाश."

आत्यानं ती विणली. पूर्ण. त्या हिवाळ्यात बाबा दोन बाह्यांचा स्वेटर घालून रोज बागेत चक्कर मारायला जात. कपाटात एक तिसरी बाहीही होती, रंगारीमामांनी विणलेली. कार्ड त्यांनाही दिसलं होतं.